ऊर्ध्वपातन काचपात्रे

ऊर्ध्वपातन काचपात्रे : द्रवाला उष्णता देऊन त्याची वाफ करणे, ती वाफ दुसरीकडे नेऊन थंड करणे आणि तेथे मिळालेला द्रव वेगळा साठविणे, या एकत्रित क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. प्रयोगशाळेत ही क्रिया करण्यासाठी जे चंबू, संघनक, स्तंभ, जोडनळ्या व ग्राही पात्रे वापरतात, त्यांना ऊर्ध्वपातन काचपात्रे म्हणतात. मांडणी कितीही गुंतागुंतीची दिसली, तरी तिच्यात मूलतः तीनच स्थाने असतात : उकळण्याचे, थंड होण्याचे व साठविण्याचे. बाकीची सर्व साधने म्हणजे या तीन स्थानांपैकी एखाद्यात केलेली सुधारणा किंवा त्यांच्यामधील वाट होय. या पात्रांची नावे मात्र या स्थानांवरून पडलेली नाहीत. काही नावे आकारावरून, काही संशोधकांवरून, तर काही केवळ मापावरून पडली आहेत. त्यामुळे नाव पाठ असूनही पात्र चुकीच्या जागी वापरले जाण्याचा संभव राहतो व त्यातून प्रयोग फसण्यापासून स्फोट होण्यापर्यंत काहीही घडू शकते.

परिभाषा : क्रियेच्या नावापासूनच गोंधळाला सुरुवात होते. लॅटिन भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ ‘थेंबाथेंबाने खाली गळणे’ असा आहे, तर मराठी शब्दात ‘ऊर्ध्व’ म्हणजे वर जाणे आहे. एका भाषेने थेंबाकडे पाहिले, दुसरीने वाफेकडे. दोन्ही शब्द अर्धीच क्रिया सांगतात. मराठीतील शब्द रसशास्त्रातून आला आहे. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत पाऱ्याच्या शुद्धीसाठी पातनाचे तीन प्रकार दिले आहेत. ऊर्ध्वपातनात खालच्या भांड्यातील पारा तापून त्याची वाफ वरच्या भांड्याच्या तळाशी किंवा बाजूंवर जमते. अधःपातनात वरच्या भांड्याला आतून पाऱ्याचा लेप देऊन वरून आच देतात व पारा खालच्या पाण्यात उतरतो. तिर्यक्‌पातनात दोन घट एका तिरप्या नळीने जोडतात. एकाखाली अग्नी असतो, तर दुसऱ्यात थंड पाणी असते. आजच्या प्रयोगशाळेतील चंबू, तिरपा संघनक व ग्राही पात्र ही मांडणी पाहिली, तर तिचे खरे नाते तिसऱ्या प्रकाराशी आहे. मराठीने मात्र पहिल्याचे नाव उचलले व ते आता इतके रुळले आहे की, बदलण्यात अर्थ नाही.

हिंदीत याच संस्कृत शब्दाचा अर्थ वेगळा आहे. घन पदार्थ द्रवरूप न होता वाफ होऊन पुन्हा घनरूपात जमतो त्या क्रियेला हिंदीत ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात. मराठीत तिला ‘संप्लवन’ हा शब्द आहे. आपल्या ऊर्ध्वपातनाला हिंदीत ‘आसवन’ म्हणतात. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याने कापूर व पाणी यांच्या बाबतीत हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर सबंध प्रकरणाचा अर्थ उलटा होतो. मराठीनेही आसवन शब्द पूर्णपणे टाळलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना जोडून मळीपासून अल्कोहॉल तयार करणारे जे प्रकल्प आहेत, त्यांना ‘आसवनी’ म्हणतात. त्याच आवारातील प्रयोगशाळेत तीच क्रिया चंबूत करणारा रसायनज्ञ तिला ऊर्ध्वपातन म्हणतो. खेड्यात तिसराच शब्द आहे, तो म्हणजे भट्टी. (मळी हा शब्दही तितकाच फसवा आहे. रसायनज्ञाच्या दृष्टीने ती साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारी दाट काळी पाकासारखी मोलॅसिस होय. पण रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळालाही अनेक ठिकाणी मळीच म्हणतात.)

पात्रांच्या नावांत मराठीने स्वतःची चांगली भर घातली आहे. चंबू हे घरातील गोल पोटाच्या व अरुंद गळ्याच्या भांड्याचे नाव. ते प्रयोगशाळेतील तशाच आकाराच्या काचपात्राला अगदी नेमके बसले. त्यावरून गोल बुडाचा, सपाट बुडाचा व शंकूच्या आकाराचा चंबू असे पोटभेद सहज करता येतात. चंचुपात्र हा शब्द तर मूळ शब्दापेक्षाही सरस मानावा लागेल. बीकर या इंग्रजी शब्दाचा चोचीशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तो पेयपात्राच्या जुन्या नावावरून आला. मराठी शब्दाने मात्र पात्राचा ओतण्याचा ओठ अचूक टिपला. याउलट रिटॉर्टला बगळ्याच्या मानेवरून ‘बकयंत्र’ हे सुंदर नाव असूनही ते शाळा-महाविद्यालयांत फारसे रुजले नाही.

काच : या पात्रांचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता नसून उष्णतेतील अचानक फरक हा आहे. जाड किंवा साध्या काचेची एक बाजू तापून प्रसरण पावते, दुसरी तशीच राहते व त्या ताणाने काच तडकते. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला की काय होते, हे वीज येण्यापूर्वीच्या पिढ्यांना माहीत होते. महाराष्ट्रात काचधंद्याची सुरुवात झाली ती अशाच नित्याच्या वस्तूंपासून. लोकवर्गणीतून उभा राहिलेला तळेगाव येथील पैसा फंड काच कारखाना १९०८ मधला, तर कोल्हापूरच्या उत्तरेस कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे ओगले काच कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला व त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला.

उष्णतेचा धक्का सोसणाऱ्या काचेच्या विकासातही दिव्यांचा वाटा मोठा आहे. जर्मनीतील येना येथे १८८४ मध्ये ऑटो शॉट यांनी सहकाऱ्यांसह काचेचा कारखाना काढला. तेथे तयार झालेली बोरॉनयुक्त काच वायुदिव्यांच्या चिमण्यांसाठी व प्रयोगशाळेतील पात्रांसाठी वापरात आली. अमेरिकेत कॉर्निंग येथे रेल्वेच्या इशाऱ्याच्या कंदिलांची तापलेली काच पावसाने फुटू नये म्हणून संशोधन झाले आणि त्याच मार्गाने पुढे जाऊन १९१५ मध्ये पायरेक्स काच बाजारात आली. या बोरोसिलिकेट काचेत सुमारे ८१ टक्के सिलिका, १३ टक्के बोरिक ऑक्साइड, ४ टक्के सोडियम ऑक्साइड व २ टक्के ॲल्युमिना असते. तापमान १° से.ने वाढले असता तिची लांबी एक कोटी भागांत सुमारे ३३ भागांनी वाढते. खिडकीच्या साध्या सोडा-चुना काचेची वाढ सुमारे ९० भाग असते. हा फरक म्हणजेच ऊर्ध्वपातनाच्या चंबूचे आयुष्य होय. भारतात अशा पात्रांसाठी पूर्वी आयातीवर अवलंबून राहावे लागे. कॉर्निंगच्या सहकार्याने मुंबईत १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची बोरोसिल ही पात्रे पुढे इतकी सर्वत्र झाली की, महाविद्यालयांत या जातीच्या काचेलाच ‘बोरोसिल’ म्हणण्याची सवय पडली.

चंबू व त्याचे शीर्ष : उकळण्यासाठी गोल बुडाचा चंबू घेतात. गोल आकारामुळे उष्णता व दाब सर्व बाजूंना सारखे विभागले जातात. सपाट बुडाचा किंवा एर्लेनमायर यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केलेला शंक्वाकृती चंबू निर्वात ऊर्ध्वपातनात कधीही वापरू नये. बाहेरच्या हवेच्या दाबाने त्याचे सपाट बूड आत दबून फुटते व काचांचे तुकडे चहूकडे उडतात. चंबू निम्म्याहून थोडा अधिक, फार तर दोन-तृतीयांश भरावा. शांत द्रव उकळबिंदूच्या वर तापून एकदम उसळी मारतो, ते टाळण्यासाठी चिनी मातीचे झिलई नसलेले बारीक खडे आधीच घालून ठेवतात. विसरल्यास द्रव निवू द्यावा व मगच खडे टाकावेत. तापलेल्या द्रवात टाकल्यास सबंध द्रव फसफसून बाहेर येतो.

चंबूच्या गळ्यावरील तिवाटी नळीत तापमापक बसवितात. तापमापकाच्या फुग्याचा वरचा काठ बाजूच्या नळीच्या खालच्या काठाच्या पातळीत असावा लागतो. फुगा त्याहून वर राहिला, तर वाफ त्याला पूर्ण न वेढताच वळते व तापमान कमी दिसते. येथे स्थानाचाही विचार करावा लागतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मी.हून थोडे अधिक उंचीवर आहे, त्यामुळे तेथे शुद्ध पाणी १००° से.ऐवजी सुमारे ९८° से.लाच उकळते आणि एथिल अल्कोहॉलचा ७८·३° से. हा उकळबिंदूही सुमारे दीड अंशाने खाली येतो. पुस्तकातील आकडा न मिळाल्याने तापमापक सदोष ठरविण्यापूर्वी त्या दिवशीचा वायुभारमापकाचा आकडा पाहणे इष्ट असते.

संघनक : सर्वांत अधिक वापरात असलेला लीबिग संघनक म्हणजे एकात एक बसविलेल्या दोन सरळ नळ्या होत. आतील नळीतून वाफ जाते व बाहेरील आवरणातून थंड पाणी वाहते. नाव लीबिग यांचे असले, तरी ही कल्पना त्यांची नव्हे. जर्मन रसायनज्ञ वायगेल यांनी असा संघनक १७७१ मध्येच वर्णिला होता. लीबिग यांनी त्याचा प्रसार केला व नाव त्यांचे राहिले. पाणी खालच्या तोंडातून आत व वरच्या तोंडातून बाहेर असेच वाहिले पाहिजे. उलट जोडल्यास आवरण पूर्ण भरत नाही, वरच्या भागात हवा राहते आणि काही वाफ न थिजता निसटते. १४०° से.च्या वर उकळणाऱ्या द्रवांसाठी पाण्याऐवजी नुसत्या हवेने निवणारी लांब नळी वापरतात, कारण इतकी तप्त वाफ व थंड पाणी एकाच काचेच्या दोन बाजूंना असणे धोक्याचे असते.

दुसऱ्या संघनकांत फरक असतो तो थंड पृष्ठभाग वाढविण्याच्या युक्तीत. ॲलिन संघनकाची आतील नळी फुग्यांच्या माळेसारखी असते. तो उभा लावून पश्चवाहनासाठी, म्हणजे वाफेचा द्रव करून तो त्याच चंबूत परत पाठविण्यासाठी वापरतात. तिरपा लावल्यास प्रत्येक फुग्यात द्रव साचून राहतो व ऊर्ध्वपातनात आधीचा अंश नंतरच्या अंशात मिसळतो. विद्यार्थ्यांच्या मांडणीत ही चूक नेहमी आढळते. ग्रॅहम संघनकात वेटोळ्यातून वाफ जाते, तर डिमरोथ संघनकात वेटोळ्यातून पाणी जाते व वाफ त्याभोवती असते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून पाण्याची नळी जोडण्यापूर्वी कोणती वाट कोठे उघडते ते पाहून घ्यावे लागते.

वेगळा संघनक नसतानाही ऊर्ध्वपातन होऊ शकते, याचे उदाहरण गोव्यात काजूच्या फेणीच्या पारंपरिक भट्टीत मिळते. भाण या मोठ्या भांड्यात आंबविलेला रस उकळतात, वाफ नळीने लहान मडक्यात जाते व त्या मडक्यावर बाहेरून सतत पाणी ओततात. थंड होण्याचे व साठविण्याचे स्थान येथे एकच आहे. प्रयोगशाळेत ही दोन स्थाने वेगळी केली, यातच काचेच्या संघनकाचे महत्त्व आहे. त्यामुळे ग्राही पात्र मध्येच बदलता येते व एकाच मिश्रणाचे निरनिराळे अंश वेगळे घेता येतात.

सांधे : पूर्वी पात्रे बुचांना भोके पाडून जोडत. बूच द्रवाने फुगे, रबर विरघळे व त्याचा वास ऊर्ध्वपातितात उतरे. घासलेल्या काचेच्या प्रमाणित सांध्यांनी हा प्रश्न सुटला. त्यांचा निमुळतेपणा १ : १० असतो, म्हणजे १० मिमी. लांबीत व्यास १ मिमी.ने कमी होतो. २४/२९ या खुणेतील पहिला आकडा रुंद टोकाचा व्यास व दुसरा घासलेल्या भागाची लांबी मिमी.मध्ये सांगतो. भारतीय बाजारात बी-१४, बी-१९, बी-२४ ही नावे रूढ आहेत. त्यांतील आकडाही व्यासाचाच असतो. कोणत्याही कारखान्याचे बी-२४ पात्र दुसऱ्याच्या बी-२४ सांध्यात बसते, ही या नावांची खरी किंमत आहे. सर्व काचसामानाच्या परिभाषेत काही न लपविणारी नावे एवढीच असतील. दाहक क्षार सांध्यात राहिल्यास तो असा चिकटतो की, अनेकदा पात्र फोडावे लागते; म्हणून काम संपताच सांधे सोडवून धुतात.

शेवटच्या जोडनळीला हवेकडे उघडणारे तोंड असते. ते बंद करून चंबू तापविणे ही या विषयातील सर्वांत गंभीर चूक होय. बंद मांडणीत वाफेचा दाब वाढतच जातो व काच फुटते. ईथरसारख्या द्रवात हवेच्या संपर्काने पेरॉक्साइडे तयार झालेली असू शकतात. असे द्रव चंबू कोरडा होईपर्यंत ऊर्ध्वपातित केल्यास तळाशी उरलेल्या पेरॉक्साइडांचा स्फोट होतो.

भागशः ऊर्ध्वपातनाचे स्तंभ : उकळबिंदू जवळजवळ असलेले द्रव एका फेरीत वेगळे होत नाहीत. अशा वेळी चंबू व संघनक यांच्यामध्ये उभा स्तंभ लावतात. वर जाणारी वाफ व खाली ओघळणारा द्रव यांची त्यात पुनःपुन्हा गाठ पडते. कमी उकळबिंदूचा घटक वर सरकतो व दुसरा खाली राहतो. फ्रेंच काचकारागीर व्हिग्रो यांनी १९०४ मध्ये वर्णिलेल्या स्तंभात नळीच्या भिंतीलाच आत वळलेली बोटे असतात. त्यात द्रव कमी अडकतो, म्हणून थोड्या नमुन्यासाठी तो सोयीचा पडतो. मात्र त्याची अलग करण्याची क्षमता काचेच्या मण्यांनी किंवा कड्यांनी भरलेल्या हेंपेल स्तंभापेक्षा बहुधा कमी असते. स्तंभ कितीही लांब केला, तरी पाणी व एथिल अल्कोहॉल यांचे मिश्रण वजनी सुमारे ९५·६ टक्के अल्कोहॉलच्या पुढे जात नाही, कारण त्या प्रमाणातील मिश्रण ७८·२° से.ला एकाच द्रवासारखे उकळते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी लागणारे निर्जल अल्कोहॉल म्हणूनच नुसत्या ऊर्ध्वपातनाने मिळत नाही. उरलेले पाणी रेण्वीय चाळणीसारख्या वेगळ्या उपायाने काढावे लागते.

आसवनीच्या प्रयोगशाळेतील उपयोग : वरील सर्व भागांचे काम एकत्र पाहण्यास मळीच्या आंबवणातील अल्कोहॉलचे मापन हे चांगले उदाहरण आहे. या आंबवणाला कारखान्यात ‘वॉश’ म्हणतात. त्याची घनता थेट मोजून उपयोग नसतो, कारण विरघळलेले क्षार व न आंबलेली शर्करा घनता वाढवितात. म्हणून ठरावीक तापमानास मोजलेले घनफळ चंबूत घेऊन, त्यातील बाष्पनशील अम्ले उदासीन करून, थोडे पाणी घालून ऊर्ध्वपातन करतात. ज्या मोजचंबूने नमुना घेतला, त्याच मोजचंबूत ऊर्ध्वपातित घेतात व तो बराचसा भरल्यावर शुद्ध पाण्याने मूळ तापमानास खुणेपर्यंत भरतात. आता त्यात फक्त पाणी व अल्कोहॉल असते. घनता मोजून कोष्टकावरून अल्कोहॉलचे प्रमाण मिळते.

येथे प्रत्येक काचेची परीक्षा होते. मळीचे आंबवण फार फेसाळते. फेस संघनकापर्यंत गेला, तर रंग व शर्करा ऊर्ध्वपातितात उतरतात, घनता वाढते व अल्कोहॉल कमी दिसते. म्हणून चंबूवर फेस अडविणारा फुग्याचा सापळा लावतात. सांधा सैल असला किंवा संघनकातील पाणी कोमट असले, तर वाफ निसटते व पुन्हा आकडा कमीच येतो. चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. किण्वन नीट झाले की नाही, मळीतील किती शर्करा वाया गेली व मोठ्या स्तंभातून किती माल निघावयास हवा, हे सर्व हिशेब या आकड्यावर उभे असल्याने एका सैल सांध्याचा दोष यीस्टवर किंवा स्तंभावर येऊ शकतो.

विशेष उपकरणे : हाच फेसाचा सापळा केल्डाल उपकरणातही असतो. डॅनिश रसायनज्ञ केल्डाल यांनी १८८३ मध्ये मद्यनिर्मितीच्या धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी ही पद्धत शोधली. त्यात नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करून तो ऊर्ध्वपातनाने अम्लात घेतात. दुधाच्या परीक्षणातही ती प्रमाण मानली जाते. निर्वात ऊर्ध्वपातनात फेस व उसळी यांचा त्रास अधिक असल्याने क्लायझेन यांचा दोन गळ्यांचा चंबू (१८९३) वापरतात; एका गळ्यातून केशनळी तळापर्यंत जाते व हवेचे बारीक बुडबुडे सोडते, कारण निर्वातात चिनी मातीचे खडे लवकर निकामी होतात. निर्वात न मोडता अंश बदलण्यासाठी एकाला तीन-चार पात्रे जोडलेली फिरती जोडनळी असते. तिला इंग्रजी प्रयोगशाळांत ‘गाय’ म्हणतात. लोंबणारी पात्रे सडांसारखी दिसतात, हे तिच्याकडे एकदा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

सॉक्स्लेट यांचे उपकरण (१८७९) ऊर्ध्वपातनाचे म्हणून ओळखले जाते, पण ते वस्तुतः निष्कर्षणाचे आहे. उकळणे व संघनन ही त्यात केवळ ताजा विद्रावक पुनःपुन्हा नमुन्यावर आणण्याची साधने आहेत. डीन व स्टार्क यांच्या सापळ्यात (१९२०) पाण्यात न मिसळणारा विद्रावक नमुन्यातील पाणी आपल्याबरोबर नेतो. पाणी अंशांकित नळीत तळाला बसते व हलका विद्रावक चंबूत परततो. क्लेव्हेंजर उपकरण (१९२८) सुगंधी तेलांसाठी आहे. त्यात नेमका याच्या उलट व्यवहार असतो. गवती चहाचे तेल पाण्याहून हलके असल्याने अंशांकित नळीत वर तरंगते व पाणी चंबूत परत जाते. लवंगेचे तेल पाण्याहून जड असते. ते याच नळीत घेतले, तर तळाशी बसून पाण्याबरोबर चंबूत परतते व वाचन चुकते. म्हणून जड तेलांसाठी परतीची वाट वरून काढलेली वेगळी नळी लावतात.